साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड : दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींविषयी खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
आणि मुंबई वारसा संवर्धन समितीचे सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

दादर स्थानकाच्या पूर्वेला बाहेर पडून, फेरीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत स्वामीनारायण मंदिर मागे टाकले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग ओलांडला की काही मिनिटांतच आवाज खाली येतो, वर पाहिले तर पर्जन्यवृक्षांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींना भेटलेल्या दिसतात, आणि दोन्ही बाजूंना तळमजला व वर दोन-तीन मजले असलेली, गोलाकार गॅलऱ्यांची, सिमेंटच्या ठसठशीत अक्षरांत नावे कोरलेली घरे सुरू होतात. ही हिंदू कॉलनी. तिच्या पलीकडे पारशी कॉलनी, पाच उद्याने, आणि तशीच पुढे माटुंग्यापर्यंत पसरलेली वस्ती. माझा जन्म येथलाच, शाळा येथलीच, आणि वयाच्या पासष्टीनंतरही येथेच, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मी राहते आहे. या भागात इमारतीमागून इमारत पुनर्विकासाला जात असताना जी एक गोष्ट कोणाच्याही मोजमापात येत नाही असे मला वाटते, तिच्याबद्दल आपल्याशी बोलण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ती गोष्ट म्हणजे दोन घरांमधली मोकळी जागा.

ही जागा येथे योगायोगाने उरलेली नाही, आणि तिची किंमत समजायला १८९६ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली आणि हजारो शहरातच मेली. मांडवी, डोंगरी, नागपाडा, कामाठीपुरा या भागांतल्या घरांना खिडकी असली तरी ती दुसऱ्याच्या भिंतीवर उघडत असे. आतल्या खोल्यांत भरदुपारी दिवा लावावा लागे. घराघरांत हवा आणि ऊन पोहोचल्याशिवाय हे शहर निरोगी होणार नाही, असा निष्कर्ष तेव्हाच्या सरकारने काढला आणि १८९८ साली कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा नीट कळलेले नव्हते, त्यामुळे या निष्कर्षामागचे वैद्यकशास्त्र अर्धवट होते हे खरे. परंतु क्षय, दमा आणि कोंदट खोल्यांचा संबंध आजही तितकाच खरा आहे.

याच ट्रस्टने शहराच्या उत्तरेला दादर-माटुंगा येथे सुमारे ४४० एकर जमीन हाती घेतली. येथे तेव्हा शेते, माडांच्या बागा आणि पाणथळ जमीन होती. जागा निवडण्यामागचे कारण सरळ होते : ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया या दोन्ही रेल्वेमार्गांची स्थानके दादरला शेजारी-शेजारी होती. फोर्टमधल्या कचेऱ्यांत कारकुनी करणाऱ्या, शाळांत शिकवणाऱ्या, वकिली करणाऱ्या माणसाला स्वच्छ हवेत राहून आगगाडीने कामावर जाता यावे, अशी ती कल्पना होती. पुढे ट्रामही येथवर आली. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली तरी आम्ही त्या चौकाला अजून दादर टीटी, म्हणजे ट्राम टर्मिनस, असेच म्हणतो. बोरीबंदरहून निघालेली मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री येथेच येऊन थांबली. सांगायचे ते हे की ही वस्ती मुळापासून पायी चालणाऱ्या आणि गाडी पकडणाऱ्या माणसांसाठी आखलेली आहे. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

१९१० च्या दशकात ट्रस्टचे अध्यक्ष असलेले जे. पी. ऑर यांनी एक नियम आग्रहाने मांडला, आणि मला तो या शहराच्या इतिहासातला अत्यंत माणुसकीचा नियम वाटतो. तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जातो. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात एक रेषा वर काढायची, आणि समोरच्या इमारतीने ती रेषा छेदता कामा नये. हिशेब सोपा आहे. या कोनाचा अर्थ असा होतो की समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये सुटली पाहिजे. चाळीस फूट उंचीला वीस फूट जागा. एवढे केले की तळमजल्यावरच्या खोलीतूनही आकाशाचा तुकडा दिसतो आणि दिवसातून काही काळ उजेड आत येतो. नियमाचे मोजमाप घरमालकाच्या श्रीमंतीवर किंवा जमिनीच्या भावावर ठरत नव्हते, तर सर्वांत खाली राहणाऱ्या माणसाच्या खिडकीवरून ठरत होते.

आमच्या गल्ल्यांतली घरे त्या विचारातून उभी राहिली. म्हणूनच पुढे बागेचा पट्टा, दोन्ही बाजूंना मोटार जाईल एवढी जागा, मागे झाडे आणि धुणे वाळत घालण्यापुरते अंगण, ही रचना घरागणिक दिसते. पारशी कॉलनीत मंचेरजी जोशी यांनी ट्रस्टकडून मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि घरांइतकेच लक्ष रस्त्यांवरच्या झाडांकडे दिले. आज ज्या सावलीतून आपण चालतो ती त्यांच्या पिढीने लावलेली आहे. १९२० आणि ३० च्या दशकांत बहुतेक प्लॉट भरले. तेव्हा आर्ट डेको ही नवी शैली होती. जिन्याच्या खिडकीवरची उगवत्या सूर्याची जाळी, गॅलरीच्या कठड्यावरच्या आडव्या रेघा, वळणावरचा गोलावा, सागवानी कठडा, रंगीत लादी, हे सारे त्या काळच्या मुंबईच्या कारागिरांच्या हातचे आहे. २०१८ साली युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला तेव्हा त्यात ओव्हल मैदानाभोवतीच्या आणि मरीन ड्राइव्हवरच्या इमारतींचा समावेश झाला. दादर-माटुंग्याची घरे त्या हद्दीत नाहीत. तेथे गौरव झाला याचा आनंदच आहे; पण त्याच शैलीत साध्या पगारदार माणसांसाठी बांधलेल्या घरांचे काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

या इतिहासाचे मी गोडवे गाते आहे असे वाटू नये म्हणून दोन गोष्टी स्पष्ट लिहिते. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडताना जितक्या गरिबांची घरे हिरावली, तितकी घरे त्यांना परत बांधून दिली नाहीत. मोकळ्या हवेचा लाभ प्रामुख्याने ज्यांना भाडे परवडत होते त्यांना झाला. दुसरे म्हणजे, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही नावेच सांगतात की वस्ती आखताना जात आणि धर्म यांच्या भिंती कायम राहिल्या. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकात नेमके याच हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, आपल्या ग्रंथसंग्रहासाठी मुद्दाम जागा ठेवून बांधले, या घटनेचे मोल फार मोठे आहे. दिल्लीहून विमानाने आणलेले त्यांचे पार्थिव डिसेंबर १९५६ मध्ये याच घरी ठेवले होते आणि ७ डिसेंबरला अंत्ययात्रा येथूनच निघाली. दरवर्षी ६ डिसेंबरला दादर स्थानकात उतरणाऱ्या लाखो लोकांपैकी कितीतरी जण चैत्यभूमीबरोबर राजगृहाच्या दारीही येतात. डोक्यावर गाठोडे, हातात मुलाचा हात, पायांत धुळीने माखलेल्या चपला अशा रांगा मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्या माणसांना गल्लीत उभे राहायला, बसून भाकरी खायला, झाडाखाली पाठ टेकायला जागा मिळते ती ट्रस्टने सोडलेल्या मोकळ्या जागेमुळेच. राजगृह तसेच राहील आणि त्याच्या भोवती मात्र वीस-वीस मजल्यांच्या भिंती उठतील, तर आपण एक घर जपले आणि त्याचा परिसर घालवला असे होईल.

आता आजच्या परिस्थितीकडे येते. आमच्या भागातल्या बहुसंख्य इमारती उपकरप्राप्त आहेत, म्हणजे रहिवासी दुरुस्तीसाठी उपकर भरतात. अनेक घरांत पागडीची, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम घेऊन दिलेल्या घरांची जुनी भाडी आहेत, आणि ती इतकी कमी आहेत की मालकाला त्यातून गच्चीचे वॉटरप्रूफिंगही करता येत नाही. माझ्या घरात पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या छतातून पाणी झिरपते, गॅलरीच्या लोखंडाला गंज चढून सिमेंटचे पापुद्रे पडतात, आणि वरच्या मजल्यावरच्या ऐंशी वर्षांच्या आजी लिफ्ट नसल्यामुळे कित्येक महिने खाली उतरलेल्या नाहीत. त्यामुळे नवी इमारत हवी असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांची मागणी रास्त आहे. इमारत कोसळण्याची भीती काय असते हे ज्यांनी पावसाच्या रात्री टेकू लावलेल्या खोलीत जागून काढल्या आहेत त्यांनाच कळते, आणि वारशाच्या नावाखाली त्या माणसाला तेथेच राहा असे सांगण्याचा अधिकार मला नाही.

माझे म्हणणे पुनर्विकासाच्या रीतीबद्दल आहे. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या ३३(७) या तरतुदीखाली उपकरप्राप्त इमारतीला तीन किंवा त्याहूनही अधिक चटई क्षेत्र निर्देशांक मिळतो, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक बांधकाम करता येते. जुन्या रहिवाशांची घरे, विकासकाची विक्रीची घरे आणि गाड्यांची जागा एवढे सारे सहाशे-सातशे चौरस मीटरच्या प्लॉटवर बसवायचे म्हटले की पहिली कात्री सामासिक अंतराला, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेला लागते. नियमानुसार इमारतीची उंची वाढेल तसे भोवतालचे अंतर वाढले पाहिजे. प्रत्यक्षात अडचणीचे कारण दाखवून आणि अधिमूल्य, म्हणजे महापालिकेला जादा रक्कम, भरून या अंतरातली तूट माफ करून घेता येते. एकेका इमारतीचा प्रस्ताव वेगळा पाहिला तर प्रत्येक सवलत समजण्यासारखी वाटते, कारण प्लॉट खरोखरच लहान आहे आणि रहिवासी खरोखरच अडचणीत आहेत. परंतु एका गल्लीतल्या दहा प्लॉटना दहा वेळा अशी माफी मिळाली की त्या गल्लीत मांडवीची जुनी गल्ली उभी राहते, फक्त कित्येक पट उंच. शंभर वर्षांपूर्वी जो दोष निवारण्यासाठी ही वस्ती वसवली, तोच दोष आपण पैसे घेऊन परत आणतो आहोत.

माझ्या स्वतःच्या घराचे सांगते. शेजारच्या प्लॉटवर काही वर्षांपूर्वी नवी इमारत झाली. त्याआधी सकाळी साडेआठच्या सुमारास माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर उन्हाचा एक पट्टा येत असे आणि ऋतूप्रमाणे तो सरकत असे; संक्रांतीच्या सुमारास तो पार देवघरापर्यंत जाई. माझ्या सासूबाई त्या पट्ट्यात पापड वाळत घालत. आता त्या खिडकीसमोर हात लांब केला तर जवळजवळ लागेल अशी सहा मजल्यांची जाळीदार भिंत आहे आणि तिच्या आत मोटारी उभ्या असतात. दिवसभर दिवा लावावा लागतो. इमारत नियमांत बसते असे मला सांगण्यात आले, आणि ते खरेही असेल.

ती जाळीदार भिंत हा माझा दुसरा मुद्दा आहे. नव्या इमारतींचे पहिले पाच-सहा मजले वाहनतळाचे असतात. पूर्वी पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून गल्ली दिसत असे, शाळेतून उशिरा येणारे पोर दिसत असे, भाजीवाल्याशी वरूनच भाव ठरत असे, कोणी पडले तर हाक ऐकून चार माणसे खाली धावत. आज नव्या घरातला रहिवासी राहायला सुरुवात करतो तो सातव्या मजल्यापासून, आणि रस्त्यावर उरतात ते सुरक्षारक्षक, लोखंडी फाटक आणि इंजिनांचा धूर. जाहिरातींत मात्र घर विकले जाते ते ‘दादर स्थानकापासून पाच मिनिटांवर’ म्हणून. मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांवरच्या जलद गाड्या जेथे थांबतात, बाहेरगावच्या गाड्या जेथून सुटतात, बेस्टच्या इतक्या बस जेथून जातात, त्या स्थानकाच्या इतक्या जवळ एका इमारतीला वाहनतळाचे सहा मजले कशासाठी लागतात, याचे उत्तर मला सापडत नाही. रेल्वेच्या आधारावर वसवलेल्या वस्तीत नवे घर बांधताना मोटारीला आधी जागा द्यायची आणि माणसाच्या खिडकीला नंतर, ही उलटी वाट आहे.

झाडांबद्दलही थोडे लिहायलाच हवे. ज्या पर्जन्यवृक्षांनी आणि सोनमोहरांनी या रस्त्यांना ओळख दिली, त्यांची मुळे घरांपुढच्या मातीच्या पट्ट्यात पसरलेली आहेत. तळघराची खोदाई थेट कुंपणापर्यंत नेली आणि वर काँक्रीट ओतले की झाड कागदोपत्री वाचते, पण दोन-तीन पावसाळ्यांत वाळते किंवा वादळात पडते. पाणी मुरायला जागा नसल्यामुळे पावसाचे सारे पाणी गटारात जाते. हिंदमाता आणि किंग्ज सर्कल यांच्या मधल्या आमच्या भागात जोरदार पावसाचा अर्थ काय असतो, हे महापालिकेला मी सांगायची गरज नाही.

मुंबईत वारसा जतनाची नियमावली १९९५ पासून आहे आणि असे नियम करणारे हे देशातले पहिले शहर होते. तरीही वारसा हा शब्द काढला की आमच्याकडे अजून लोक दचकतात. २०१२ साली वारसा यादीत मोठी भर घालण्याचा प्रस्ताव जाहीर झाला तेव्हा शिवाजी पार्कसह दादरमधल्या अनेक रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण आपले घर यादीत गेले की खिळा ठोकायलाही परवानगी लागेल आणि गळके छप्पर आयुष्यभर गळत राहील, असा समज झाला. तो समज दूर करण्याचा प्रयत्न तेव्हा पुरेसा झाला नाही असे माझे मत आहे. संवर्धन म्हणजे घर गोठवणे असे लोकांना वाटत राहिले, तर लोक संवर्धनाच्या विरोधातच जाणार.

म्हणून समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे की दादर-माटुंगा योजनेच्या मूळ हद्दीकडे एकेका इमारतीची श्रेणी ठरवण्याच्या दृष्टीने न पाहता एक अखंड परिसर म्हणून पाहावे, आणि त्यासाठी मोजकेच पण न वाकणारे नियम करावेत. ज्यांची इमारत धोकादायक आहे त्यांनी ती जरूर नव्याने बांधावी. परंतु रस्त्यालगतच्या बागेचा पट्टा मातीचाच राहावा, रस्त्याकडच्या खालच्या मजल्यांवर माणसांच्या खिडक्या आणि गॅलऱ्या असाव्यात, आणि इमारतीची उंची तिच्या भोवतीच्या मोकळ्या जागेच्या प्रमाणातच असावी. एवढ्या चटई क्षेत्राला प्लॉट पुरत नसेल, तर उरलेला हक्क दुसरीकडे वापरता यावा. वारसा इमारतींच्या मालकांसाठी विकास हक्क हस्तांतरणाची सोय नियमावलीत आहेच, ती अशा परिसरांनाही लागू करता येईल का, याचा विचार व्हावा. आणि ज्या इमारती भक्कम आहेत, ज्यांच्या रहिवाशांना पाडण्यापेक्षा दुरुस्ती हवी आहे, त्यांना आज उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या सरकारी दुरुस्ती मंडळाच्या प्रति चौरस मीटर खर्चमर्यादेत नीट दुरुस्ती आणि लिफ्ट दोन्ही मिळत नाही. जिन्याच्या मागे बाहेरून लिफ्ट जोडायला बहुतेक घरांत जागा आहे, कारण ती जागा ट्रस्टने सोडलेली आहे. अशा दुरुस्तीला सुलभ परवानगी आणि अर्थसाहाय्य मिळाले, तर पुनर्विकासाला नाइलाजाने होकार देणारी कितीतरी कुटुंबे थांबतील, हे मी शेजाऱ्यांशी झालेल्या बोलण्यावरून सांगते.

आयुक्त महोदय, आपल्याकडे माझी मागणी अधिक नेमकी आहे. या हद्दीत सामासिक अंतरातली तूट अधिमूल्य घेऊन माफ करण्याची पद्धत थांबवावी. आजवर येथे किती प्रस्तावांत किती तूट माफ झाली आणि त्यापोटी किती रक्कम जमा झाली, ते गल्लीनिहाय जाहीर करावे. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या इमारतींना वाहनतळाची किमान संख्या पूर्ण करण्याची सक्ती नसावी. पुढचा प्रस्ताव मंजूर होण्यापूर्वी शेजारच्या दोन्ही इमारतींतल्या तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या रहिवाशांना नकाशा दाखवून त्यांचे म्हणणे लेखी नोंदवावे, कारण सवलतीची किंमत अर्जदार भरत नाही, ते भरतात.

हे करण्याचा अधिकार आपल्याला केवळ नियोजन प्राधिकरण म्हणून नाही. १९३३ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कारभार आणि त्याच्या जमिनी महापालिकेकडे आल्या. येथले अनेक प्लॉट आजही महापालिकेच्या मालकीचे असून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. म्हणजे या जमिनीची मालकीण महापालिकाच आहे, आणि मूळ भाडेपट्ट्यांतल्या अटींची वारसदारही तीच आहे. मालमत्ता खात्याच्या दफ्तरात त्या योजनेचे मूळ नकाशे आणि करार असतील, तर त्यांच्या प्रती एफ उत्तर विभाग कार्यालयात नागरिकांना पाहण्यासाठी खुल्या कराव्यात. मला त्यात आमच्या प्लॉटचा नकाशा पाहायचा आहे, आणि आमच्या व शेजारच्या घरामध्ये तेव्हा किती फूट जागा आखली होती तो आकडा वाचायचा आहे.

लेखी उत्तराची मी वाट पाहते. ते याच भागातल्या शाळेच्या सभागृहात रहिवाशांसमोर वाचून दाखवण्याची व्यवस्था आम्ही करू.

कळावे,

आपली नम्र,
हिंदू कॉलनीतील एक रहिवासी
दादर (पूर्व), मुंबई